शिवून ठेवलेला शेवट

मी एक जुनी कादंबरी आहे. नाव सांगितलं असतं, पण ज्या पानावर ते छापलं होतं ते पान कधीच गळून गेलं. कंधारच्या बायका मला ‘किल्ल्याची’ म्हणत. मीही आता तेच नाव धरून बसले आहे.

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल. शिरूर अनंतपाळच्या वाचनालयात, स्पर्धा परीक्षांच्या जाडजूड पुस्तकांखाली, जमिनीला टेकलेल्या फळीवर मी आडवी पडलेली असते. तुम्ही वरचं पुस्तक काढायला येता तेव्हा मला तुमचे फक्त चपलांतले अंगठे दिसतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या मनाला जे लागून राहिलं आहे ते वेगळंच आहे, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय कसरीच्या पोटात जायचं मला जिवावर येतं.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. मला लिहिणारे मास्तर दिवसा मुलांना गणित शिकवत आणि संध्याकाळी चिमणीपुढे बसून तलवारी चालवत. त्यांनी उभ्या जन्मात एकही मोठा किल्ला धड पाहिला नव्हता. पण माझ्यात त्यांनी असा किल्ला बांधला, की खंदकाचं वर्णन वाचताना पाय ओले झाल्यासारखे वाटावेत. त्या किल्ल्यावर समरजित नावाचा तरुण किल्लेदार होता आणि त्याच्यावर जीव टाकणारी पद्मलेखा होती. वेढा होता, चोरदरवाजा होता, आणि चांदणं तर पानोपानी होतं.

आगगाडीनं मी नांदेडला आले. तिथून हणमंतराव नावाच्या कारकुनाच्या पिशवीत बसून बैलगाडीनं कंधारला. तेव्हा आपल्याकडे निजामाचं राज्य होतं. कचेरी उर्दूत, शाळा उर्दूत. हणमंतराव दिवसभर उर्दूत लिहीत आणि रात्री जेवताना मराठीत कुरकुरत. मराठी पुस्तक गावात आलं की पाहुणा आल्यासारखं सगळ्यांना कळायचं. पुस्तकं ते आणत, पण वाचत नसत. वाचत त्या त्यांच्या बायको, गोदावरीबाई. सगळं गाव त्यांना गोदाकाकू म्हणे.

गोदाकाकूंना कुणी शाळेत घातलं नव्हतं. वाणसामानाच्या पुड्यांच्या कागदांवरून त्यांनी अक्षरं जुळवली होती. त्यामुळे जुन्या पुड्या आणि नव्या कादंबऱ्या त्या सारख्याच मन लावून वाचत. माझं पहिलं पान त्यांनी चुलीपुढे उघडलं आणि त्या दिवशी भात खाली लागला. किल्ल्याला पाण्याचा खंदक आहे एवढं वाचलं आणि त्यांनी ठरवून टाकलं, की हा किल्ला आपल्या कंधारचाच. मास्तर कंधारला कधी आले नव्हते, हे मला माहीत होतं. पण पुस्तकाला कोण विचारतं? चार दिवसांत गावातल्या बायका किल्ल्याकडे बोट दाखवून म्हणू लागल्या, “त्या बुरुजावर पद्मलेखा उभी राहायची.”

गोदाकाकूंजवळ अशा बऱ्याच कादंबऱ्या होत्या आणि त्या द्यायची त्यांची एक रीत होती. मागेल त्याला मागेल ते त्या देत नसत. आधी माणूस बघत. सासूशी भांडून आलेलीला ‘हत्तीची’ मिळायची, कारण तिच्यातला राजाचा हत्ती राणी आल्याशिवाय पाऊल उचलत नाही, आणि ते वाचून कुणालाही हसू यायचं. नवरा परगावी असलेलीला ‘जोगिणीची’. लिहिणाऱ्यांविषयी तर त्या असं बोलत, की ते त्यांचे मावसभाऊच असावेत.

“ह्याची दोन लागोपाठ वाचू नको, लई रडवतो.”

“हा लढाई झकास लिहितो, पण ह्याच्या बायका नुसत्या उसासे टाकतात. कामाला एक हात लावत नाहीत.”

“ह्याची सुरुवात सोस. तालुक्याचा इतिहास सांगत बसतो. एकदा का घोडा सुटला, की मग तुझं तुलाच थांबवत नाही.”

गोदाकाकूंच्या तोंडून निघालेली कादंबरी नावडती निघाली, असं कंधारात कुणी म्हणत नसे. त्या विश्वासावर आम्ही घराघरांत फिरत होतो. सासवांना दिसू नये म्हणून आम्हाला पोथीसारखं लाल कापड असे. ते बांधायचं काम गौसियाबीकडे. तिचा नवरा पाशामियाँ जिल्दगर. कचेरीची दप्तरं त्याच्याकडे बांधायला येत. पण पुस्तकं शिवायची ती गौसिया. तिला मराठी वाचता येत नव्हतं. गोदाकाकू येऊन बसल्या की ती म्हणायची, “पढो बाई, माझा हात चालतो तवर.” अशा आम्ही सगळ्या तिला तोंडपाठ होतो.

आता मुख्य गोष्ट. पोटुशी बाईनं मरणाचं, फितुरीचं वाचू नये अशी समजूत होती. पण माहेरी बाळंतपणाला आलेल्या पोरींना तर वाचायला सगळ्यात जास्त सवड. त्यावर गोदाकाकूंनी तोड काढली होती. ज्या कादंबरीचा शेवट वाईट, तिची शेवटची पानं गौसिया कच्च्या दोऱ्यानं शिवून टाकायची. पोरीनं तिथवर वाचायचं आणि थांबायचं. बाळंत होऊन बारसं झालं, की गोदाकाकू स्वतः जाऊन दोरा उसवत आणि ती रडून होईपर्यंत शेजारी बसत. शेवट काय आहे ते त्या आधी कधीच सांगत नसत. “दोरा सांगेल,” म्हणत.

माझा शेवट वाईट होता. शत्रू पद्मलेखेला पकडतो आणि तिच्या सुटकेसाठी समरजित चोरदरवाजा उघडतो. किल्ला पडतो. सुटून आलेली पद्मलेखा त्याचं तोंड पाहत नाही. समरजित वाईट नव्हता हो, मी त्याला आतून ओळखते. पण दार त्यानं उघडलं होतं.

तशी दोरा घातलेली मी विशाखाच्या हाती गेले. विशाखा गोदाकाकूंच्या शेजारघरची लेक, मी कंधारला येण्याआधीच शिरूर अनंतपाळला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला आलेली. बडबडी पोर, पण त्या दिवसांत गप्प झाली होती. गल्लीतली एक बाई बाळंतपणातच गेली होती आणि विशाखाला झोप लागत नव्हती. माझ्यावर मात्र तिचा जीव बसला. दोऱ्यापाशी आली आणि पुन्हा पहिल्या पानावर गेली. गोदाकाकू भेटायला आल्या तेव्हा तिनं त्यांचा हात धरला.

“काकू, एकच सांगा. तो परत येतो ना?”

गोदाकाकूंनी ‘दोरा सांगेल’ म्हणायला तोंड उघडलं होतं. मी तिच्या मांडीवर होते, मला दिसलं. पण पोरीचे डोळे खोल गेलेले, हात गार.

“येतो,” गोदाकाकू म्हणाल्या. “खंदक पोहून येतो. दोघांचं लग्न होतं. किल्ल्यावर नगारा वाजतो.”

“खरं?”

“मग. मी वाचलंय ना.”

माझ्या पोटात समरजित चोरदरवाजा उघडून उभा होता, आणि बाहेर गोदाकाकू त्याला बोहल्यावर चढवत होत्या. विशाखा त्या दुपारी गाढ झोपली. घरी जाताना काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही.

मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप. बारशाच्या आदल्या दिवशी गोदाकाकू बाळंतिणीच्या खोलीत आल्या. शेगडीवर ओवा धुमसत होता. विशाखा पुन्हा पहिल्यासारखी बडबडत होती. तिनं मला उशाखालून काढलं.

“दोरा तसाच आहे बघा. शेवट तर मला माहीतच आहे. काकू, कुणाला सांगू नका, ह्याचं नाव समरजित ठेवणार आहे.”

गोदाकाकू बाळाचं दुपटं सारखं करू लागल्या.

“आवडलं नाही?”

“सासरचे काय म्हणतील?”

“वन्सं आल्यात ना बारशाला, त्यांना सांगितलंय, पोथीतलं नाव आहे म्हणून. लाल कापडाची पोथी. खोटं आहे का?” विशाखा हसली. “आमच्याकडे कादंबरी चालत नाही. कळलं तर मला शिरूरला अक्षर बघू द्यायचे नाहीत.”

गोदाकाकूंनी मला मागून घेतलं. ‘जरा कापड नीट करून आणते’ म्हणाल्या, आणि तडक गौसियाच्या दारात गेल्या.

मित्रांनो, त्या दिवसाइतकी भीती मला वाळवीचीही वाटली नाही. गोदाकाकूंनी मला फळीवर ठेवलं आणि म्हणाल्या, “गौसिया, ही शेवटची पानं काढून टाक. मुळातच नव्हती, असं कर.”

गौसियानं सगळं ऐकून घेतलं. मग चाकू उचलला, बोटावर पारखला आणि खाली ठेवला.

“कापा म्हणल्या तर कापते, गोदाबाई. धार चांगली हाय. पण गावातल्या बायांच्या डोक्यात जे हाय ते कशानं कापू? सगळ्यांना तुमीच तर दिली ही किताब.”

“त्याच तर हसतील गं. पोराला जन्मभर फितूर म्हणतील.”

“म्हणतीलच. माझी सासू अजून कुणावर चिडली की समरजित म्हणून शिवी देते. मीच सांगितली तिला कहाणी.”

गोदाकाकूंना हसू आलं नाही. गौसियानं मला उलटून दोऱ्यावरून बोट फिरवलं.

“माझा टाका कच्चा हाय. नखानं निघतो. तुमी मात्र पक्का मारून राहिल्या.”

“पोर घाबरली होती.”

“हाव. तवा घाबरली होती. आता न्हाई. आता जाऊन सांगा.”

“आता सांगितलं तर माझ्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवील?”

गौसियानं सुईत दोरा ओवला आणि कचेरीचं दप्तर पुढे ओढलं. “ते मला काय इचारता? मला तर वाचताबी येत न्हाई.”

बारशाच्या दिवशी गोदाकाकू लवकर गेल्या. मी त्यांच्या पदराखाली होते. विशाखाला एकटीला गाठायचं त्यांच्या मनात होतं. पण बारशाच्या घरात बाळंतीण एकटी कशी सापडणार? कुणी कुंची बांधत होतं, कुणी घुगऱ्यांच्या ताटाजवळ पोरं हाकलत होतं. काकू दोनदा खोलीच्या दाराशी गेल्या आणि दोनदा कुणीतरी त्यांच्या हातात काम दिलं. खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी त्यांनी ते आनंदानं घेतलं.

पाळण्याशी सौदामिनी बसली होती. ही विशाखाची नणंद, बाळाची आत्या, शिरूरमध्येच दिलेली. सरळ पाठीची, बारीक ओठांची बाई. तिला पाहून बायका पदर सारखे करत. वरवंटा पाळण्याखालून-वरून झाला. मग बाळाची पाळी आली. विशाखाच्या आईनं मान म्हणून गोदाकाकूंना पाळण्याच्या पलीकडे उभं केलं. बाळ इकडून तिकडे झालं आणि शेवटी काकूंच्या हातात आलं. आता त्यांनी ते पाळण्यात ठेवायचं, आत्यानं कानात नाव सांगायचं, आणि जमलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे. सौदामिनीच्या मागे बायका मुठी वळून तयारच होत्या. तिला मारायची अशी संधी पुन्हा कुठे?

गोदाकाकूंनी बाळ ठेवलं नाही.

“ठेवा ना काकू,” कुणी म्हणालं.

पदराखाली मला त्यांचं काळीज ऐकू येत होतं. “हे नाव ठेवू नका,” त्या म्हणाल्या.

“कोणतं? अजून सांगितलंच कुठंय?” सौदामिनी म्हणाली.

“समरजित.” मग त्या विशाखाकडे वळल्या. “तो परत येत नाही गं. तो दरवाजा उघडतो. मी तुला खोटं सांगितलं. शेवट शिवलेला होता आणि मी दुसराच सांगितला.”

मागच्या बायकांत खुसखुस सुरू झाली. ‘किल्ल्याची’ सगळ्यांनी वाचली होती. एकीनं तोंडाला पदर लावला. विशाखा मात्र गोदाकाकूंकडे पाहत नव्हती. ती नणंदेकडे पाहत होती.

“म्हणजे हे नाव कादंबरीतलं?” सौदामिनीनं विचारलं. आवाज चढवला नाही.

विशाखानं मान खाली घातली. तेव्हा कुठे गोदाकाकूंच्या लक्षात आलं. पोराला वाचवायला त्या आल्या होत्या. पोराच्या आईचं त्यांना भान राहिलं नव्हतं. एक खोटं निस्तरायला जे खरं बोलल्या, त्यानं विशाखाचं वाचणंच उघड्यावर आणलं. हे त्यांना खोलीत हळूच सांगता आलं असतं, काल सांगता आलं असतं, सकाळी सांगता आलं असतं.

सौदामिनीनं बाळ आपल्या हातात घेतलं, पाळण्यात ठेवलं, वाकून कानात ‘श्रीपाद’ म्हणाली. बाळाच्या पणजोबांचं नाव. बुक्के पडले, पण मऊ पडले. घुगऱ्या वाटल्या. जेवणाच्या पंगतीत विशाखा काकूंच्या पानापाशी आलीच नाही.

गोदाकाकू मागच्या पडवीत जाऊन बसल्या. मला मांडीवर घेतलं आणि दोऱ्याला नख लावलं, पण उसवला नाही. तेवढ्यात सौदामिनी हात धुवायला आली. हात धुऊन झाले तरी ती गेली नाही.

“हीच का ती?”

“हीच.”

“वहिनीला आता पुस्तक मिळणार नाही. आमच्या आईला कुणी ना कुणी सांगेलच.”

“चूक माझी आहे. तिला बोलू नका.”

सौदामिनीनं पदरानं हात पुसले. एक एक बोट पुसलं. “किल्लेदार आहे ना तो? मग दरवाजा का उघडतो?”

गोदाकाकूंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. जन्मभर माणूस बघून कादंबरी देणाऱ्या त्या बाईला समोरचा माणूस ओळखायला इतका वेळ कधी लागला नसेल. त्या काही सुचवायला गेल्या नाहीत. कौतुक नाही, शिफारस नाही. नुसतं मला पुढे केलं.

“मला सांगता यायचं नाही,” त्या म्हणाल्या. “सांगून बघितलं एकदा.”

सौदामिनीनं मला लुगड्याच्या घडीत ठेवलं. अशी मी शिरूरला आले.

सौदामिनीनं मला माळवदावर वाळवणाच्या राखणीला बसून वाचलं. दोरा दातानं तोडला. शेवट वाचून झाल्यावर ती बराच वेळ तशीच बसली आणि कावळ्यांनी निम्मे सांडगे नेले. मग तिनं मला पहिल्यापासून पुन्हा उघडलं.

विशाखा सासरी परतली तेव्हा तिची सासू खरंच तिच्या पेटीतले कपडे झाडून बघायची. नणंदेची पेटी कोण बघणार? पावसाळा सरल्यावर एके दिवशी सौदामिनी माहेरी आली, डाळ निवडायला म्हणून वहिनीजवळ बसली आणि सुपाखालून मला सरकवलं.

“शेवट वाच,” एवढंच म्हणाली.

विशाखा बाळाला मांडीवर घेऊन वाचत राहिली. तिचे अश्रू माझ्या शेवटून दुसऱ्या पानावर अजून आहेत, कागद तिथे फुगलेला आहे.

“वन्सं, काकूंनी सांगितलेला शेवट ह्यापेक्षा बरा होता.”

“बरा असता तर मी पुन्हा वाचला नसता.”

विशाखानं पानावरून हात फिरवला. “त्यांना कळवायला हवं, मी वाचलं म्हणून. रागावले नाही म्हणून.”

“कळव की.”

मित्रांनो, इथे माझी गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण विशाखानं कळवलं नाही. आधी थोडा राग शिल्लक होता. तो गेला तेव्हा संकोच आला. समक्षच सांगू, असं ती म्हणायची. मग रझाकारांची धामधूम सुरू झाली, रस्ते धोक्याचे झाले आणि तिचं माहेरी जाणं राहिलं. निजामाचं राज्य गेलं, रस्ते मोकळे झाले, पण तोवर तिला आणखी दोन लेकरं झाली होती आणि एवढ्याशा गोष्टीसाठी जायचं म्हणजे तिला तिचंच नवल वाटे. दर वेळी ती मला डाळीच्या डब्यामागून काढून हातात घेई आणि म्हणे, “ह्या उन्हाळ्यात जाते.”

एकदा कंधारहून कुणी पाहुणे आले. जेवताना सहज बोलून गेले, की हणमंतरावांच्या गोदाबाई गेल्या. शेवटी शेवटी बायका पुस्तक मागायला आल्या तर त्या कपाटाकडे बोट दाखवत. “तुमचं तुम्हीच बघून घ्या,” म्हणत. कुणाला काही सुचवायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं. गौसियानं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “माझ्या सांगण्यानं एका पोरीचं वाचणं गेलं.”

विशाखानं पाहुण्यांना भात वाढला. मग आत येऊन तिनं मला उघडलं, त्या फुगलेल्या पानावर. वाचत नव्हती. नुसती धरून बसली होती. मला सगळं माहीत होतं. कंधारला काय घडलं तेही आणि शिरूरला काय घडलं तेही. एका वाक्याचं काम होतं. पण मी पडले पुस्तक. माझ्यात जे छापलं आहे त्याच्या बाहेरचं एक अक्षरही मला बोलता येत नाही. आजच कशी बोलते आहे, ते विचारू नका.

पुढे विशाखाच्या नातवानं मला वाचनालयाला दिलं. ते वाईट झालं नाही. इथे सावली आहे.

तेव्हा मित्रांनो, पुस्तकाचे कोपरे दुमडू नका, थुंकी लावून पान उलटू नका, हे सगळं तुमच्या बाई सांगतच असतील. मी दुसरंच मागते आहे. तुम्हाला कधी कुणी एखादं पुस्तक सुचवलं असेल, आणि तुम्ही ते वाचलं असेल, तर त्या माणसाकडे जा आणि सांगा की वाचलं. आवडलं नसेल तरी सांगा. रागावला असाल तरी सांगा. शक्यतो ह्याच उन्हाळ्यात जा.